कृष्णविवर आणि प्रवचनपीठ

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाट ओलांडला की जुन्नर तालुका लागतो. तेथे नारायणगावजवळ, खोडद येथे, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. तिने ज्यांचा कानोसा घेतला, त्यांत गरुड तारकासमूहातील ‘जीआरएस १९१५+१०५’ ही जोडी आहे. १९९२ साली क्ष-किरणांमुळे तिचा शोध लागला. सूर्याच्या सुमारे बारापट वस्तुमानाचे कृष्णविवर आपल्या सोबती ताऱ्याचा वायू ओढून घेते. तो वायू भोवती चकतीसारखा फिरतो, लक्षावधी अंश तापतो आणि क्ष-किरण सोडतो. काही द्रव्य मात्र विवरात न पडता जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने दोन विरुद्ध दिशांना उसळते. त्या झोतांतील इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत रेडिओ लहरी सोडतात.

आम्हां प्रवचनकारांना हा आयता दृष्टांत! काळोख्या विवरातूनही तेज बाहेर पडते, तद्वत पापी अंतःकरणातूनही... वाक्य कसे झोकात जाते! परंतु ते खोटे आहे. विवरातून काहीही बाहेर आलेले नसते. जे उसळले, ते आत गेलेलेच नव्हते.

उद्देश पवित्र असेल तर एवढी सूट घ्यावी काय? आमच्या मते मुळीच नाही. डोंबिवलीच्या एखाद्या बाकावर भौतिकशास्त्र शिकणारी मुलगी बसलेली असते. जो धर्मगुरू ताऱ्यांविषयी बेपर्वाईने बोलतो, त्याने सांगितलेले पुनरुत्थान तिने कशाच्या भरवशावर स्वीकारावे? संत ऑगस्टिन यांनी उत्पत्तीच्या ग्रंथावरील भाष्यात नेमका हाच इशारा दिला होता.

मोह मोठ्यांनाही होतो. विश्वाच्या आरंभाची उपपत्ती मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः धर्मगुरू. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी त्या सिद्धांतात निर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा अस्वस्थ झाले ते लमेत्रच. उद्या सिद्धांत बदलला तर श्रद्धेने काय करावे?

कोणी म्हणेल, विवर दिसत नाही, परिणामांवरून कळते, देवाचेही तसेच. साम्य आहे, पण थोडे. खगोलशास्त्रज्ञ आपला तर्क नव्या निरीक्षणापुढे मोडायला तयार असतो, आणि तर्क टिकला तरी विवर त्याच्याकडे काहीच मागत नाही. देव आमच्याकडे शेजारी मागतो, क्षमा मागतो.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास, विज्ञान दिनानिमित्त, खोडदला प्रदर्शन भरते. ठाणे-कल्याणच्या धर्मग्रामांनी धर्मशिक्षणाच्या मुलांना एकदा तेथे न्यावे. सोबत धर्मगुरूंनीही जावे आणि मुलांबरोबर रांगेत उभे राहून ऐकावे.