काच आणि गुळाचा खडा

कडोदरा हे काचेचे गाव नव्हे, कापडाचे आहे. सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातल्या या गावाभोवती रंगाई-छपाईच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि खानदेशातली, ओडिशातली, उत्तर प्रदेश-बिहारमधली माणसे पोटामागे येथे येऊन राहिली. तरीही काचेविषयी विचार करायला मला ही जागा सोयीची वाटते. येथे चार रस्त्यावर दोन वाटा एकमेकींना छेदतात. एक अहमदाबाद-मुंबई महामार्गाची. अंकलेश्वर आणि झगडिया येथली सपाट काच, कोसंब्याच्या अत्तराच्या आणि औषधांच्या बाटल्या मुंबईकडे जातात त्या या वाटेने. दुसरी सुरतेहून बारडोली, व्यारा, सोनगड करीत नवापूरला, म्हणजे थेट आपल्या उंबरठ्याशी येऊन लागते. पहिल्या वाटेने काच जाते, दुसरीने आपली माणसे कामाला येतात.

या दोन वाटांमध्ये मला एक जुना नैतिक प्रश्न दिसतो. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याला न सांगण्याचा अधिकार माणसाला कितपत आहे?

हा प्रश्न काचेच्याच संदर्भात का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर काचेच्या घडणीत आहे. आपल्या खिडकीच्या तावदानात शंभरातले सत्तर-बहात्तर भाग वाळू असते, तेरा-चौदा भाग सोडा आणि उरलेल्यात मुख्यतः चुना. वाळू नदीनाल्यांत, चुनखडी डोंगरात, आणि सोडा आपल्या शेजारच्या सौराष्ट्रात, मिठापूरसारख्या ठिकाणी तयार होतो. यातली एकही वस्तू दुर्मीळ नाही. मग महाग काय? इंधन महाग खरे, कारण भट्टी १५०० अंशांच्या घरात तापवावी लागते. पण त्याहून महाग माहिती. सोडा किती घालायचा, वाळूतले लोह कसे काढायचे (ते राहिले तर काच हिरवट होते), रसातले बुडबुडे कशाने घालवायचे, तयार काच किती सावकाश थंड करायची. घाई केली तर ती आतल्या आत ताणून राहते आणि पुढे कधीतरी कारणावाचून तडकते. सोन्याचा चोर सोने नेतो. काचेच्या चोराला वाळू नेऊन काय करायचे? त्याला माणूस पळवावा लागतो.

आणि माणसे पळवली गेली. व्हेनिसच्या सत्तेने १२९१ साली शहरातल्या काचभट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या. कारण आगीच्या भयाचे होते, पण बेटावर राहिलेले कारागीर नजरेखालीही राहिले. कसब घेऊन परमुलखात जाणाऱ्याला शिक्षेची तरतूद झाली. मान होता, पैसा होता, मात्र दार बाहेरून बंद. पुढे १६६५ मध्ये फ्रान्सचा मंत्री कोल्बेर याने राजाश्रयाने आरशांचा कारखाना काढला, तेव्हा मुरानोचेच काही कारागीर फितवून पॅरिसला आणले. त्या कारखान्यातून सेंट-गोबेन ही कंपनी वाढली, आणि तिने २०११ मध्ये आपल्या शेजारच्या भरूच जिल्ह्यात, झगडियाला, सपाट काचेचा एक कारखाना विकत घेतला. मुरानोतून बाहेर पडलेल्या कसबाचा वंश असा फिरत फिरत नर्मदेकाठी आला.

याच्या अगदी उलट रीत महाराष्ट्राने एकदा करून पाहिली, आणि तिचा विसर पडावा हे मला खटकते. अंताजी दामोदर काळे यांच्या मनात आले की, प्रत्येक माणसाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभा करावा. तेव्हाचा पैसा म्हणजे रुपयाचा चौसष्टावा भाग. लोक हसले असतील. पण पैसा फंड उभा राहिला, लोकमान्य टिळकांचे पाठबळ त्याला मिळाले आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला. भट्टीची जबाबदारी ईश्वरदास वार्ष्णेय या तरुणाने घेतली. तो जपानात आणि नंतर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशाळेत काचविद्या शिकून आला होता. मालाइतकीच माणसे घडवणे ही या कारखान्याची कामगिरी. तेथे शिकून निघालेले लोक देशात ठिकठिकाणच्या भट्ट्यांवर गेले; स्वतः वार्ष्णेयही पुढे संयुक्त प्रांतात बहजोईला गेले. त्यांना कोणी फितूर म्हटले नाही. ज्यांनी पैसा दिला त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी काचेचे भांडे नसेल, तळेगाव त्यांनी पाहिलेही नसेल. त्यांनी विकत घेतलेले ज्ञान कोणा एकाचे नव्हते, म्हणून ते जपायला पहारेकरी लागला नाही.

पुढे १९१६ मध्ये ओगले बंधूंनी औंध संस्थानाच्या आश्रयाने कऱ्हाडजवळ कारखाना काढला. पहिल्या महायुद्धाने परदेशी काच अडली होती. ओगलेवाडीच्या ‘प्रभाकर’ कंदिलाच्या उजेडात आपल्या मागच्या दोन पिढ्यांनी अभ्यास केला आहे. तो कारखाना पुढे बंद पडला, ही गोष्ट वेगळी आणि लांबची.

तेव्हा गुपित ठेवणे वाईट आणि वाटून टाकणे चांगले, असा निकाल देऊन मोकळे व्हावे का? इतके सोपे नाही. इंग्लंडमधल्या सेंट हेलेन्स गावी अ‍ॅलिस्टर पिल्किंग्टन यांनी १९५२ च्या सुमारास एक कल्पना धरली. वितळलेल्या कथलाच्या तलावावर काचेचा रस सोडला तर तो पाण्यावरच्या तेलासारखा पसरेल, दोन्ही बाजूंनी आपोआप गुळगुळीत होईल, घासायला नको. कल्पना दोन ओळींची. ती खरी करायला सात वर्षे आणि सुमारे सत्तर लाख पौंड लागले. सलग चौदा महिने भट्टीतून विकण्याजोगी काच निघाली नाही. १९५९ मध्ये ही ‘फ्लोट’ पद्धत जाहीर झाली. आज मोठ्या इमारतींना दिसणारी सपाट काच जवळजवळ सगळी याच रीतीची. अंकलेश्वरला १९९३ पासून ती होते आहे. ज्याने चौदा महिने फुकट गेलेल्या काचेकडे बघून धीर सोडला नाही, त्याने काही वर्षे शुल्क घेतले तर मला त्यात अन्याय दिसत नाही. पेटंट हा करारच असा आहे की, गुपित आज उघड करा, मोबदल्यात समाज तुम्हाला ठरावीक मुदतीचा हक्क देईल. मुदत संपली की ते सर्वांचे. पिल्किंग्टनवर अमेरिकन सरकारने १९९४ मध्ये खटला भरला तो नेमका याच मुद्द्यावर. पेटंटे बहुतांशी संपून गेली तरी कराराच्या अटींनी कंपनी इतरांना जखडून ठेवते, असा आरोप होता. खटला तडजोडीने मिटला आणि अमेरिकेतल्या परवानेदारांवरचे ते निर्बंध गेले.

येथपर्यंतचा वाद दोन सबळ पक्षांचा आहे. व्हेनिस आणि फ्रान्स, पिल्किंग्टन आणि त्याचे प्रतिस्पर्धी. गुपित फुटले तर एकाचा नफा कमी होतो, दुसऱ्याचा वाढतो. या वादावर ग्रंथ आहेत, कायदे आहेत, वकील आहेत. पण काचेच्या ज्ञानाचा आणखी एक भाग आहे. काच कशी करावी हा एक. ती करताना करणाऱ्याचे काय होते हा दुसरा.

दोन वर्षांमागे बारडोलीच्या बाजूला ऊसतोडीच्या एका टोळीत धडगावकडचा एक प्रौढ माणूस भेटला. कोयता बाजूला ठेवून दम घेत बसला होता. वय पन्नाशीच्या आत, पण चार पावले चालला की थांबे. उसाआधी काही वर्षे तो गारगोटी दळण्याच्या एका गिरणीत होता. गिरणीचे नाव त्याला धड आठवत नव्हते आणि आठवले असते तरी मी ते येथे लिहिले नसते. मी विचारले, “भाऊ, धूळ छातीत जाते हे कोणी सांगितलं नाही का?”

“धूळ कुठली दादा, पीठ होतं. पांढरं. गव्हाचं असतं तसं.”

“मग तोंडाला काही बांधायला?”

“आपलंच फडकं. आणि गूळ द्यायचे. संध्याकाळी खडा मिळायचा, घसा साफ होतो म्हणून.”

त्या गुळाच्या खड्याने मला अनेक रात्री झोपू दिले नाही. गूळ फुफ्फुसापर्यंत पोहोचतच नाही. तो अन्ननलिकेने पोटात जातो, आणि सिलिकाची बारीक पूड, केसाच्या जाडीहून कितीतरी लहान कण, श्वासनलिकेने फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. तेथे व्रण होतो, व्रणाची गाठ होते, काम सोडले तरी रोग वाढतच राहतो. त्यावर औषध नाही. साधे फडके तो कण अडवू शकत नाही. हे सारे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पण मला त्रास देणारा मुद्दा वेगळा. ज्याने गूळ वाटला, त्याला काहीतरी आत जाते आहे एवढे नक्की कळले होते. नाहीतर गूळ कशाला? अज्ञान असते तर त्याने काहीच वाटले नसते. त्याला अर्धे ठाऊक होते आणि तेवढ्यावर त्याने समाधान विकत घेतले, खड्याच्या भावात.

नर्मदेपलीकडे, आपल्या धडगाव-अक्कलकुव्यासमोर, मध्य प्रदेशातला अलीराजपूर जिल्हा आहे. तेथली आणि झाबुआकडची आदिवासी माणसे गोध्रा-बालासिनोर भागात गारगोटी दळण्याच्या कामाला जात. ती पूड काचेच्या धंद्यासाठी लागे. माणसे तरणीताठी जात आणि धापा टाकत परत येत. कित्येकांना आधी क्षयाचेच औषध दिले गेले, कारण छातीच्या चित्रात दोन्ही रोग सारखे भासतात. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये अशा २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यावेत अशी शिफारस गुजरात सरकारला केली. सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम देण्याचा आदेश दिला तो २०१६ च्या मे महिन्यात. वर ज्या कारखान्यांची नावे आली त्यांच्याशी या मृत्यूंचा संबंध जोडण्याचे कारण नाही. पण काच वापरणाऱ्या आपणा सर्वांचा मात्र या गोष्टीशी संबंध आहे, आणि तो कसा आहे हे पाहणे कठीण जाते.

या बाबतीत नेहमी एक युक्तिवाद ऐकू येतो. माणूस आपखुशीने आला, मजुरी जास्त मिळत होती, त्याने धोका पत्करला. कडोदऱ्यात चहाच्या टपरीवर हेच मला एका सुशिक्षित गृहस्थांनी सांगितले. मी त्यांना उत्तर दिले ते येथेही देतो. पत्करायला आधी ठाऊक असावे लागते. ज्याला पीठ आणि विष यांतला फरक सांगितला नाही त्याची संमती ही संमती नव्हे. भूक असली की ठाऊक असूनही माणूस जाईल, हेही खरे. पण तेव्हा तो फडके मागेल, पाणी शिंपडा म्हणेल, बायकोला सोबत नेणार नाही, दोन वर्षांत परत फिरेल. ज्ञानाने गरिबी जात नाही. मात्र गरिबाच्या हातात नाही म्हणण्याचा एक तरी शब्द येतो.

कायद्याने हे ओळखले होते. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, कारखाना कायद्यात कलमे घातली गेली की, धोक्याची माहिती मालकाने उघड केली पाहिजे आणि ती मागण्याचा कामगाराला अधिकार आहे. कलमे चांगली होती. पण मागायचे कोणत्या भाषेत? सूचनेची पाटी गुजरातीत किंवा इंग्रजीत, माणूस पावरी बोलणारा. पाटी लावली की कर्तव्य संपले असे समजणारा मालक आणि गूळ वाटणारा मुकादम यांत मला फार अंतर दिसत नाही.

संशोधनाला हे अशक्य नाही. बुडबुडे घालवण्यासाठी काचेत पूर्वी आर्सेनिक आणि अँटिमनी सर्रास घालीत. भरूचजवळ गोवालीला सौर पत्र्यांसाठी लागणारी काच होते, तिच्यातून अँटिमनी वगळण्याची रीत तेथेच बसवली गेली. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंबातच्या अकीक घासणाऱ्यांसाठी धूळ ओढून घेणारी साधने तयार केली. गारगोटी ओली करून दळता येते, यंत्र बंदिस्त करता येते. यातले काहीही कोणाच्या पेटंटात कोंडलेले नाही. मुरानोची भिंत चढून हे चोरून आणावे लागत नाही. नफ्याचे गुपित तीनशे-चारशे वर्षे जपले जाते आणि तरी फुटते. धोक्याची उघडी माहिती मात्र नव्वद किलोमीटर पलीकडच्या पाड्यावर पोहोचत नाही.

दिवाळी उलटली की टोळ्या नवापूरच्या नाक्यावरून उतरू लागतील. फड संपल्यावर काही जण दुसरे काम शोधतील आणि कोणीतरी त्यांना पांढऱ्या पिठाच्या गिरणीत जास्त मजुरी सांगेल. गावचा शिक्षक, दवाखान्यातली ताई, ग्रामसभेत बोलणारा कोणीही, त्यांनी निघण्याआधी पावरीत, भिलीत, अहिराणीत एवढे सांगावे: पीठ कसले आहे ते विचारा, पाणी मारतात का पाहा, खोकला दोन आठवड्यांवर राहिला तर डॉक्टरला क्षयाबरोबर गारगोटीचेही नाव सांगा. आणि कोणी गूळ देऊ केला, तर तो कशासाठी हे जरूर विचारा.