मनकवडे

गेल्या दिवाळीत माझी बहीण मुलांना घेऊन आमच्याकडे आली होती. भाऊबीजेच्या दुपारी जेवणे आटोपून आम्ही सारे माजघरात लवंडलो असताना मी भाच्याला म्हटले, "हा रुपया घे. मी पाठ फिरवतो. कोणत्याही मुठीत तो लपव, ती मूठ कपाळाला लाव आणि रुपयाचाच विचार कर. मी म्हणेन तेव्हा दोन्ही मुठी पुढे कर. मामा मनकवडा आहे. ओळखतो की नाही पाहा." तीनदा त्याने लपवला आणि तिन्हीदा मी ओळखला. डोळे विस्फारून त्याने विचारले, "मामा, कसे हो ओळखता?" मी सहज बोलून गेलो, "तुझे डोळे सांगतात रे!"

हे साफ खोटे होते. कपाळाशी उंच धरलेल्या हातातले रक्त खाली उतरते आणि तो हात दुसऱ्याहून किंचित फिका दिसतो. मी फक्त हातांचा रंग पाहत होतो. पण फुकटचे मोठेपण मिळत असले की ते कोण सोडतो?

त्याचे फळ संध्याकाळी दिसले. डब्यातले बेसनाचे लाडू कमी भरले. भाच्याने धाकट्या बहिणीला समोर उभे केले, तिच्याकडे रोखून पाहिले आणि निकाल दिला, "हिनेच खाल्ले! हिचे डोळे फिरले बघा, मामा!" पोर रडू लागली. लाडू खरे म्हणजे आमच्या घरातूनच शेजारी फराळाच्या ताटात गेले होते.

रंगमंचावर मनातले ओळखून दाखवणारे कलावंतही पुष्कळदा माझ्यासारखेच करतात. चिठ्ठी हळूच वाचून घेतलेली असते, हवा तोच पत्ता प्रेक्षकाच्या हाती सरकवलेला असतो. आणि सांगायचे असे की, 'आपली बुबुळे डावीकडे वळली, त्यावरून समजले.' तिकीट काढून आलेला प्रेक्षक फसायला राजी असतो, म्हणून याला मी पाप म्हणणार नाही. पण एक फरक आहे. पूर्वीचे जादूगार भुताखेतांचे नाव सांगत. भूत काही कोणाला घरी नेता येत नव्हते. डोळ्यांची विद्या मात्र प्रेक्षक घरी नेतो आणि बायकोवर, मुलांवर, नोकरावर चालवून पाहतो.

शरीर काहीच बोलत नाही, असे मात्र नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वॉशिंग्टन आयर्विंग बिशप नावाचा अमेरिकन खेळाडू डोळ्यांवर पट्टी बांधून, प्रेक्षकाचा हात धरून, त्याने लपवलेली टाचणी शोधून काढी. चुकीच्या दिशेने पाऊल पडले की धरलेला हात नकळत अडे. योग्य दिशेने पडले की सैल सुटे. एवढ्यावर काम भागे. टाचणी कुठे आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असे आणि ती सापडावी अशी त्याचीही इच्छा असे, हे विसरू नये.

याहून नवलाची गोष्ट बर्लिनमधल्या हान्स नावाच्या घोड्याची. त्याचे मालक फॉन ओस्टेन हे गणिताचे निवृत्त शिक्षक, म्हणजे माझ्याच धंद्यातले. बेरीज-वजाबाकी विचारली की हान्स खूर आपटून उत्तर देई. १९०४ साली जाणत्यांची एक समिती बसली. तिला लबाडी सापडली नाही, आणि लबाडी नव्हतीच. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने ध्यानात आणले की विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले, किंवा तो घोड्याला दिसत नसला, की हान्सचे गणित संपते. प्रश्न विचारून माणूस खुराकडे पाहायला किंचित वाके; बरोबर आकडा आला की त्याचे डोके नकळत तीळभर वर होई. घोडा तिथे थांबे. फुंग्स्टला हे कळल्यावरही स्वतःचे डोके पुरते आवरता येईना! १९०७ साली त्याने हे सारे ग्रंथरूपाने मांडले. ओस्टेनना ते पटले नाही.

मास्तर घोड्याची परीक्षा घेत होते आणि घोडा मास्तरांना वाचत होता. वाचीत होता तो मनातला विचार नव्हे, मानेची हालचाल. सात की नऊ हे त्या मानेत कुठेच लिहिलेले नव्हते. 'आता पुरे' एवढेच होते.

अमेरिकेत १९७०नंतर एक मत पसरले. उजव्या हाताने लिहिणारा माणूस वर उजवीकडे पाहील तर कल्पना रचतो, डावीकडे पाहील तर आठवतो. त्यावरून लोकांनी खोटे पकडण्याचा नियम काढला. २०१२ साली रिचर्ड वाइजमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तपासला. त्याला आधार मिळाला नाही. २००६ साली बॉन्ड आणि डीपॉलो या दोघांनी वीस हजारांहून अधिक माणसांच्या निवाड्यांचा गोषवारा काढला. ऐकून-पाहून खरे-खोटे ओळखण्यात माणूस शंभरात सरासरी ५४ वेळा बरोबर ठरतो. नाणे उडवले तर ५०! पोलिसांसारखे सरावलेले लोकही त्यात सरस निघाले नाहीत.

हे आकडे मी फार उशिरा वाचले. त्याच्या कितीतरी आधी माझ्या वर्गात सहलीच्या वर्गणीचे पाकीट नाहीसे झाले होते. मी एकेका मुलाच्या डोळ्यांत पाहत बाकांमधून फिरलो. एकाने मान खाली घातली. त्याच्या कपाळावर घाम होता. साऱ्या वर्गादेखत मी त्याचे दप्तर पालथे केले. फडक्यात बांधलेली भाकरी तेवढी निघाली. पाकीट दुसऱ्या दिवशी माझ्याच हजेरीपटात सापडले. त्या मुलाने वर्गणी भरलेली नव्हती, आणि मी तेच विचारीन म्हणून तो घाबरला होता. शिवाय वडीलधाऱ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवू नये, हे आपणच मुलांना शिकवतो ना?

त्याच्या चेहऱ्यावरची भीती मी बरोबर वाचली. तिचे कारण मात्र मी पदरचे लिहिले. मी त्याची क्षमा मागितली, पण वर्गादेखत नव्हे. तेवढे धैर्य मला झाले नाही. दुसऱ्याचे मन वाचले असे वाटते तेव्हा आपण बहुधा आपलाच संशय वाचत असतो, आणि शिक्षा मात्र दुसऱ्याला होते.

त्या रात्री मी भाच्याला रुपयाची खरी युक्ती सांगितली. तो जरा हिरमुसला. मग म्हणाला, "मामा, मग लाडू कुठे गेले हे कसे ओळखायचे होते?"

"तिला विचारायचे होते. घरात सगळ्यांना विचारायचे होते."

"आणि ती खोटे बोलली असती तर?"

"तर एक लाडू गेला म्हणायचे," मी म्हटले. "लाडू पुन्हा वळता येतात."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग रुपया घेऊन धाकटीकडे गेला आणि तिला ती युक्ती शिकवू लागला.