नातेवाइकांनी जरा बाहेर थांबा

मानसोपचाराच्या ओपीडीत रुग्ण क्वचितच एकटा बोलतो. शेजारी आई, भाऊ नाहीतर नवरा बसलेला असतो. झोप लागते का, जेवते का, गोळ्या वेळेवर घेते का, सगळ्याची उत्तरं तोच देतो. स्किझोफ्रेनिया झालेल्या बाईची फाईल चाळली तर डोस कधी वाढवला, कधी कमी केला हे तारीखवार सापडतं. कुणी जबरदस्ती केली का, निरोध वापरला जातो का, हे तिला कुणी विचारलेलंच नसतं. एचआयव्ही तिथूनच शिरतो.

मॅनियाच्या म्हणजे उन्मादाच्या भरात बेफिकिरी वाढते, हे खरंच. पण सगळा दोष आजारावर टाकणं मला मान्य नाही. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये डॉ. प्रभा चंद्रा आणि सहकारी दाखल असलेल्या १४६ स्त्रियांशी बोलले. साधारण एक तृतीयांश जणींनी लैंगिक जबरदस्ती सोसली होती, आणि ती करणाऱ्यांत नवरे सर्वांत जास्त होते. कित्येकींनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. अशा बाईच्या हातात ‘सुरक्षित संबंध ठेवा’चं पत्रक देऊन काय होणार? आपल्याकडे तर ‘लग्न लावून द्या, होईल बरी’ हा सल्ला अजून ऐकू येतो. आजार लपवून लग्न होतं, मग तिला माहेरी आणून सोडतात. माहेरही थकलं की ती कुणाच्या दारात उभी राहते, याची चौकशी कोण करतं?

२०१७च्या एप्रिलमध्ये दोन कायद्यांना राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो, आजार आहे म्हणून निर्णयक्षमता नाही असं धरू नका. एचआयव्हीचा कायदा चाचणीआधी समजून दिलेली संमती मागतो. म्हणजे वॉर्डात सरसकट रक्त काढणं चुकीचं, आणि ‘हिला काय कळणार’ म्हणून समुपदेशन टाळणंही तितकंच चुकीचं. भ्रम ओसरल्यावर पुन्हा समजावावं लागेल. लागू दे.

उपचारांतही दोन विभागांनी एकमेकांशी बोलायला हवं. मूड स्थिर ठेवणारं कार्बामाझेपिन एआरटीतल्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचारातल्या, डोल्युटेग्राविरची रक्तातली पातळी खाली आणतं. दोन्ही चिठ्ठ्या रुग्णाच्या एकाच पिशवीत असतात, पण त्या शेजारी ठेवून वाचणारं कुणी नसतं.

बलात्कार झाल्यावर ७२ तासांच्या आत सुरू केलेल्या २८ दिवसांच्या गोळ्या बहुतेक वेळा एचआयव्हीचा संसर्ग टाळतात. पण त्यासाठी तिला त्या वेळेत बोलता आलं पाहिजे. म्हणून प्रत्येक भेटीत नातेवाइकांना पाच मिनिटं बाहेर बसवा, समाजसेविकेला आत घ्या, आणि जबरदस्ती झाली का ते तिला विचारा. उत्तर ‘हो’ आलं, तर लगेच तिच्यासोबत आयसीटीसीपर्यंत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रापर्यंत, चालत जाणारं माणूस द्या.