परातीतला वडा

आपुलकी हा गुण की पक्षपात, हा प्रश्न मला कोण्या ग्रंथाने नव्हे, एका वड्याने घातला.

बेटेगावहून बोईसर स्टेशन गाठायचे आणि लोकल येण्यापूर्वी हातगाडीवर वडापाव खायचा, असा माझा बरीच वर्षे नेम होता. मला पाहताच हातगाडीवाला हसे, परातीतले वडे बाजूला सारी आणि कढईतला नवा काढी. सुटे नसले तर म्हणे, "उद्या द्या, मास्तर." जग अशाच माणसांवर चालते, असे मला वाटे.

त्यामुळे साखळी दुकानांविषयी माझ्या मनात अढी होती. 1966 च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घातला, असे सांगतात. मुंबईने तो कोणाला न विचारता आपलासा केला. मग 2001 साली मालाडला धीरज गुप्तांचे 'जंबोकिंग' निघाले, 2004 साली कल्याणला व्यंकटेश अय्यरांचे 'गोली वडापाव'. 'गोली'चा वडा तर पुढे कारखान्यात यंत्रावर तयार होऊन, गोठून दुकानोदुकानी जाऊ लागला. पोराने तो नुसता तळायचा! मॅकडोनाल्ड बंधूंनी 1948 साली अमेरिकेत सॅन बर्नार्डिनोला मोजके पदार्थ आणि वाटून दिलेली कामे अशी शिस्त बसवली, तिचेच हे नातवंड. हाताची चव गेली, असे मी चारचौघांत ऐकवीत असे.

एके सकाळी हातगाडीपाशी माझ्याआधी एक वारली बाई उभी होती. पैसे तिने आधीच ठेवले होते. तिला परातीतला गार वडा मिळाला, मला कढईतला. वर दोन मिरच्या. ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही. वडा खाल्ला, आणि तो चांगला लागला, हे लपवण्यात अर्थ नाही.

आपुलकीला ओळख लागते. ज्याची ओळख नाही, त्याने काय खावे?

पुढे एकदा मालाडला उतरलो आणि साखळीच्या दुकानात शिरलो. माझ्यापुढे एक हमाल होता. पोराने मान वर न करता त्याला वडापाव दिला आणि तितकाच गरम मलाही दिला, मान वर न करताच. मला कोणी ओळखले नाही, याचे मला वाईट वाटले. हमालाला वाटले नसावे.

परवा घरी चकल्यांचा पहिला घाणा नातवापुढे आला. भांडी घासणाऱ्या बाईंच्या मुलीसाठी बांधलेली पुडी सहज उघडून पाहिली. आत तुकडे होते. पुडी मीच बांधली होती.