आपापल्या घरासमोरचा कोट

शास्त्रभाग : नहेम्या, अध्याय 2 व 3

"हुरूप आला म्हणजे कामास लागू" असे म्हणणारे पुष्कळ आढळतात. परंतु हुरूप बहुधा कामाच्या पुढे चालत नाही. आपण काम आपले म्हणून हाती घेतले म्हणजे तो मागून येतो.

नहेम्या हा शूशन येथे राजाचा प्यालेबरदार होता. चाकरी मानाची होती. यरुशलेमेचा कोट पडला आहे हे ऐकून तो रडला, उपाशी राहिला व त्याने प्रार्थना केली. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. राजाने विचारताच त्याने रजा मागितली, मुदत सांगितली व लाकडासाठी पत्रही मागून घेतले. पुढे रात्री स्वतः फिरून त्याने पडका कोट पाहिला. मग पुष्कळांनी आपापल्या घरासमोरचाच भाग बांधावयास घेतला आणि 52 दिवसांत कोट पुरा झाला.

असेच काही आपल्या आंबेगाव तालुक्यातही घडले आहे. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्यात आंबेगाव बुडाले. तालुक्यास नाव तेवढे उरले, कचेरी घोडेगावास. ज्या महादेव कोळी कुटुंबांची भातखाचरे गेली, त्यांची हानी मोठी होती व तीत त्यांचा दोष नव्हता. तरी ज्या पाण्याने शेत गिळले त्यातच जाळे टाकण्यास कित्येक शिकले व त्यांनी मच्छीमार सहकारी संस्था उभी केली. डोंगरउतारावर त्यांनी पडकईची जुनी रीत चालविली. पडकई म्हणजे काही घरांनी मिळून आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या उतारावर खपावे, दगडाच्या ताली घालाव्या व खाचर तयार करावे. तेथे अंग चोरणाऱ्याने, आपली पाळी आल्यावर, शेजाऱ्यांस काय तोंड दाखवावे?

जुन्नरच्या डोंगराळ भागातील कित्येक तरुण नारायणगावास मजुरीसाठी उभे राहतात. यात कमीपणा नाही. आम्हांस कोणी कामास लावले नाही, असे सांगणाऱ्यांस दाखल्यातील द्राक्षमळ्याच्या धन्याने दोष दिला नाही. त्यांस मळ्यात धाडले व पुरी मजुरी दिली. तेव्हा ज्यास काम मिळत नाही त्यास आळशी म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही. परंतु मळ्यात शिरल्यावर डोळे उघडे ठेवावे की मिटावे, हे धनी ठरवीत नाही. एप्रिलात खरड छाटणी व ऑक्टोबरात फळछाटणी का करतात, कोणता डोळा राखतात, हे जो विचारून घेतो, तो पुढे छाटणीचा कारागीर होऊ शकतो. त्याच्या हातची विद्या मग कोणी काढून घेत नाही.

तरी कोणी केवळ स्वतःपुरते पाहू नये. तकोवाच्या सरदारांनी कामास खांदा दिला नाही. पण तेथील साध्या लोकांनी आपला भाग संपवून दुसराही बांधला.

म्हणून या आठवड्यात प्रत्येकाने आपला पडका भाग स्वतः पाहावा. देवाजवळ प्रार्थना करावी. मग ज्याच्या हाती साहाय्य आहे त्याजवळ नेमके मागावे. आणि शनिवारपूर्वी निदान एक दगड बसवावा. दुसरा दगड उचलावयास हुरूप आपोआप येईल.