मुंबई ३३

आजीच्या पत्र्याच्या पेटीत, अगदी तळाशी, मनीऑर्डरची सतरा कुपनं निघाली. आजोबा काळाचौकीच्या चाळीत राहून गिरणीत कामाला जायचे. महिन्याच्या महिन्याला कोकणातल्या घरी पैसे पोचायचे आणि पोस्टमन नोटा मोजून दिल्यावर फॉर्मच्या खालची चिठ्ठी कापून आजीच्या हातात ठेवायचा. एका कुपनावर जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीनं लिहिलंय : ‘पैसे पोचल्याचं कळव. लावणीला गडी लाव, एकटी शेतात उतरू नको.’ खाली पत्ता, शेवटी ‘मुंबई ३३’. कोपऱ्यात शिक्क्याची अर्धी कड उमटली आहे. भिंग धरलं की दोन-तीन अक्षरं लागतात. साल काही केल्या लागत नाही.

तिकिटं जमवणारा माणूस अशा वेळी पुस्तक उघडतो. तिकिटाच्या छंदातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट तिकिटं नव्हेत, ही पुस्तकं आहेत. १८५४ साली सबंध हिंदुस्थानासाठी तिकिटं निघाली आणि लवकरच ती रद्द करायला टपाल कचेऱ्यांना आकड्यांचे शिक्के मिळाले. त्या शिक्क्यांवर गावाचं नाव नसे. एखाद्या जुन्या तिकिटावर रेघांच्या मधोमध १२४ दिसतो. तो एडनचा आकडा. एडन तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत होतं. हे तिकीट स्वतः सांगत नाही. कुणीतरी शेकडो लिफाफे शेजारी-शेजारी मांडून, तारखा आणि पत्ते ताडून त्या आकड्याचा गाव शोधलेला असतो आणि मग तो छापून ठेवलेला असतो.

मुंबईत हे काम जाल कूपर यांनी केलं. ते तिकिटांचे व्यापारी होते. हिंदुस्थानी तिकिटांवरच्या सुरुवातीच्या शिक्क्यांची त्यांनी वर्गवारी लावली, आणि भारताबाहेर वापरल्या गेलेल्या भारतीय तिकिटांवर ‘इंडिया यूज्ड अब्रॉड’ हा ग्रंथ लिहिला. आजही लिलावाच्या यादीत शिक्क्यापुढे ‘कूपर टाइप’ असं लिहून पुढे आकडा घालतात. जगाच्या कुठल्याही टोकाच्या संग्राहकाला तेवढं पुरतं. त्याआधी, १९३० साली, मार्टिन आणि स्मायदीज यांनी १८५४च्या एकट्या चार आण्याच्या तिकिटावर अख्खं पुस्तक काढलं होतं. लाल चौकटीत निळं डोकं, दोनदा छपाई, म्हणून काही तिकिटांवर राणीचं डोकं उलटं पडलेलं. एका तिकिटाला एक पुस्तक! हा अतिरेक आहे असं मला कधीच वाटलं नाही. बारीक गोष्टीशी इतकं इमान राखणारी माणसं होती म्हणून आपल्या हाती काही लागलं.

पण याच पुस्तकांनी एक गोष्ट ठरवून टाकली. ज्याला यादीत क्रमांक मिळाला ते जपलं गेलं. ज्याला मिळाला नाही ते रद्दीत गेलं. मनीऑर्डरचं कमिशन रोख भरायचं, त्यावर तिकीट नाही. तिकिटांच्या कॅटलॉगला ती दिसणार कशी? १८८०पासून मनीऑर्डरचं काम टपाल खात्याकडे होतं, २०१५मध्ये जुनी साधी मनीऑर्डर बंद झाली. मधल्या काळात गिरणगावातून कोकणात आणि घाटावर गेलेल्या पैशांवर घरं उभी राहिली, पोरं शिकली, सावकाराची देणी फिटली. सव्वाशे वर्षांहून जुना हा कारभार, आणि त्याच्या शिक्क्यांसाठी ‘कूपर टाइप’ नाही.

माझ्या कुपनांवरचा ३३ मात्र अजून जिवंत आहे. मुंबईच्या विभागांना हे आकडे पिनकोडच्या आधीपासून होते. १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड आला. त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी, आणि संस्कृतात कविता लिहिणारा मराठी माणूस. दुसऱ्याच वर्षी दिल्लीत भरलेल्या ‘इंडिपेक्स’ या जागतिक तिकीट प्रदर्शनाचे ते अध्यक्षही होते. मुंबईचा जुना आकडा त्यांच्या रचनेत शेवटी तसाच राहिला : ४०००३३.

याच ३३मधल्या कॉटन ग्रीन या नावाचाही प्रवास असाच. ‘ग्रीन’ म्हणजे मोकळं मैदान. कापसाच्या गासड्या आधी फोर्टात, आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी पडायच्या. १८४४ला तो बाजार कुलाब्याला गेला आणि १९२०च्या दशकात शिवडी-माझगावच्या नव्या भरावावर आला. नाव कापसामागून चालत इथवर पोचलं. पुढे कापूस गेला, नाव इथेच राहिलं. ४०००३३मधल्या एका टपाल कचेरीचं नाव अजून ‘कॉटन एक्स्चेंज’ आहे.

म्हणून वाटतं, परळ, लालबाग, काळाचौकी, शिवडी, रे रोड या कचेऱ्यांच्या शिक्क्यांची एक सूची व्हायला हवी. कचेरी कधी उघडली, शिक्क्यात देवनागरी कधी आली, मनीऑर्डरचा शिक्का कसा होता. हे घराघरांतल्या पेट्यांमधून गोळा होईल, दुसरीकडून नाही. १९८२च्या गिरणी संपाच्या महिन्यांत कोणत्या घरांत कुपन आलंच नाही, हेही अशाच सूचीतून कळेल. त्या रिकाम्या महिन्यांची नोंद दुसऱ्या कुठल्या पुस्तकात सापडेल असं मला वाटत नाही.

मी वही घातली आहे. दर कुपनाला एक पान : रक्कम, मजकूर, पेन्सिल की शाई, शिक्क्याची जी अक्षरं लागतात तेवढी. लावणीच्या कुपनाला क्रमांक चार दिला आहे. सालाची जागा कोरी सोडली आहे. शेजारच्या चाळीत कुणाकडे तोच शिक्का पुरता उमटलेला असेल, तर ती भरता येईल.