इथं आधी काहीच नव्हतं

मुळशीच्या पाण्याकाठी बंगले झाले, हॉटेलं झाली, आणि त्यांच्याबरोबर एक वाक्यही तिथे मुक्कामाला आलं: "इथं आधी काहीच नव्हतं." बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, झाडी, डोंगर आणि पाणी एवढंच त्याला दिसतं, आणि पाणी तर निसर्गाचंच, असं तो धरून चालतो. टाटांचं धरण, १९२१ साली सुरू झालेला सत्याग्रह, त्यातून 'सेनापती' झालेले बापट, हे सगळं वाचकाला ठाऊक आहे. ते पुन्हा सांगत नाही. मला खटकतो तो 'काहीच' हा शब्द. त्याला उत्तर द्यायला भाषण लागत नाही. सर्वेक्षण खात्याचा स्थलनिर्देशक नकाशा, म्हणजे डोंगर भटकणाऱ्यांचं टोपोशीट, धरणाआधीच्या मोजणीचा घ्यावा आणि आजच्या पत्रकाशेजारी ठेवावा. आज जिथे सलग निळा रंग आहे तिथे खोरं होतं, मुळा आणि निळा या नद्यांची पात्रं होती, काठाने गावठाणं होती. पाण्याखाली गेलेल्या वाटा आजच्या नकाशात काठाशी येऊन तुटतात. सरळ पाण्यात शिरणारी वाट म्हणजे साक्षीदारच.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो. हे नकाशे इंग्रजांनी सैन्यासाठी आणि साऱ्यासाठी काढले, ते सत्तेचं हत्यार होतं, त्यांत गावाचा भूतकाळ शोधणं म्हणजे चोराच्या वहीत घरमालकाचा हिशेब शोधणं. आक्षेपाचा पहिला भाग बिनतोड आहे. पण 'सैन्यासाठी आणि साऱ्यासाठी' हे दोन शब्द एका दमात म्हणण्यातच घोटाळा आहे. साऱ्याचा नकाशा वेगळा. १८३०च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात जी पद्धत बसवली, तिने गावाचं शिवार सर्व्हे नंबरांत कापलं, जमिनीचा कस ठरवला, आकार बसवला. त्या नकाशाचा प्रश्न एकच: पैसे कोण देणार? ज्याच्यावर आकार नाही ते पोटखराब. टोपोशीटचा प्रश्न निराळा: इथून जायचं कसं, आणि पाणी कुठे? तोफ ओढणाऱ्याला मालकाचं नाव नको असतं. त्याला चढ हवा, उतार हवा, विहीर बारमाही आहे का ते हवं. म्हणून या नकाशात समोच्चदर्शक रेषा आहेत, मंदिरं आहेत, पडके किल्ले आहेत, गाडीवाट वेगळी, बैलवाट वेगळी, पायवाट वेगळी. महसुली दफ्तरात जी वस्ती मूळ गावाच्या नावाखाली बुडून जाते, ती धनगरवाडा किंवा ठाकरवाडी म्हणून इथे डोंगराच्या सोंडेवर स्वतंत्र उभी असते. एका इंचाला एक मैल या प्रमाणात चार झोपड्याही दिसतात. हत्यार खरंच, पण पारखून पाहावं असं.

थोडं आडवाटेला जातो, कारण या नकाशांची गोडी वाटांच्या नावांत आहे. सह्याद्रीत कोकणात उतरणाऱ्या प्रत्येक वाटेला घाट म्हणत नाहीत. लादलेला बैल उतरू शकेल तो सहसा घाट. पाण्याने कोरलेल्या अरुंद घळीतून दगडधोंड्यांवरून उतरायचं ती नाळ. निसणीची वाट म्हटलं की शिडी लावावी लागत असणार. व्यापार कुठून चालला आणि माणूस नुसता जीव मुठीत धरून कुठून उतरला, हे या नावांत भरलेलं आहे. नाव विचारून लिहिणाऱ्याला ते कळलं असेलच असं नाही, पण त्याने ते लिहून ठेवलं. खडकीचं 'किर्की' करणाऱ्या स्पेलिंगमधूनही मूळ उच्चार बहुतेकदा खरवडून काढता येतो.

इथवर माझी बाजू मला भक्कम वाटत होती. पण याच नकाशात पांढरी जागाही आहे. नव्या पत्रकांवर पिवळं म्हणजे लागवडीखालची जमीन, हिरवं म्हणजे जंगल, आणि यांतलं काहीच नाही ते पांढरं. मोजणीची पथकं पावसाळा टाळून, कोरड्या दिवसांत फिरत. दिवाळीनंतर देशावरचे मेंढपाळ धनगर कळप घेऊन कोकणाच्या वाटेला लागतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे माळावर मोजणीदार होता तेव्हा त्यांतले पुष्कळ जण तिथे नव्हते. घाटमाथ्यावर म्हशी पाळून राहिलेल्या गवळी धनगरांचा वाडा नकाशात आला, कारण तो जागेवर होता. फिरत्या कळपाचा माळ मात्र पांढरा राहिला. तंबूशेजारच्या चुलीला खूण नाही, पावसाळ्यापुरत्या कुरणाला रंग नाही. मग त्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवून 'इथं आधी काहीच नव्हतं' असं कुणी म्हटलं, तर त्याला तेच टोपोशीट दाखवून गप्प करता येणार नाही. तिथे ते पत्रक त्याच्याच बाजूने बोलेल. त्या माळापुरतं विचारायचं तर कळपामागून चालणाऱ्यालाच विचारावं लागेल, की पावसात वाडा कुठे बसायचा आणि पाणी कुठल्या ओढ्याचं.